खालचा जबडा

पिल्लू मांडीवर घेऊन
मन्मथप्पा त्याचा ओठ वर सरकवतात.
खालचे दात पुढं.
ज्वारीच्या दाण्याएवढेच.

'मान बघा की, कंबर बघा,' मी म्हणतो.
कारवानीला शोभंल अशी छाती,
डोळे काकवीच्या रंगाचे.
ते बोलत नाहीत. दुसऱ्या पिल्लाकडं हात करतात.

चौथं. सहावं.
तीच उलटी कात्री.

वहीत सगळं आहे माझ्या.
शेवंती. तिची लेक हरणी, शिकंदरपासनं झालेली.
आणि हरणीला पुन्हा शिकंदरच,
मान तशीच उतरावी म्हणून.

मान उतरली.

मागच्या बाजारी हंडरगुळीत
एका मेंढक्याचं कुत्रं जांभई देत बसलेलं.
कुठलं रे?
'जळकोटहून आणलं. तुमच्याच शिकंदरचं की, मालक.'
वाकून त्याच्या तोंडात बघितलं
तर माझंच अक्षर.

मेंढका म्हणाला, लांडग्यामागं पळतंय चांगलं,
भाकर जरा सांडतंय.

उद्या निलंग्याचा माणूस येतोय कुत्री घेऊन.
इसार दिलाय त्यानं, खिशात आहे.
शिकंदर उंबऱ्याशी झोपलाय.
त्याचे दात, बघा हवं तर,
एकावर एक, अगदी चोख.