पावतीपुस्तक

बंधाऱ्यावर पाणी बेचाळीस फुटांना टेकलं
तोवर आम्ही पिंपळपार तालमीच्या कट्ट्यावर
पलीकडच्या गल्लीला शिव्या देत बसलो होतो.
फायनल त्यांनी पेनल्टीवर मारलेली,
आणि पेनल्टी नव्हतीच ती, आईशप्पत.

त्रेचाळीस झालं. मग कुणी बोललं नाही.
पंचगंगा गटारातनं उलटी वर आली,
आधी दौलूच्या गोठ्यात,
मग तालमीच्या हौद्यात.
तेल, ताक, हळद पाजून मळलेली तांबडी माती,
एका रात्रीत तिचा चहा झाला.

लाइट गेली. मोबाइल मेले.
कोण कुठं अडकलंय, विचारायचं कुणाला?
मी खजिनदार. पेटीतनं
गणपतीचं पावतीपुस्तक काढलं,
बॅटरीच्या उजेडात एकेक नाव मोठ्यानं वाचत निघालो:
वडणगेकर अक्काताई, एकशे एक. गुडघे गेलेत, दुसरा मजला.
शिकलगार दिलावर, पाचशे. मोहरमचा पंजा ह्यांच्याच खांद्यावर,
लेक बाळंतपणाला आलेली, नववा भरलाय.
अतिग्रे गुरुजी, एकावन्न, तेही भांडून.
ज्या दारात वर्गणीसाठी वाद घातला
त्या दाराची पायरी
पाण्याखालीही पायाला ठाऊक होती.

पण बोट?
बोटी सगळ्या दसरा चौकात, आणि तिथं रांग.
तेव्हा छातीनं पाणी कापत आले
निळ्या जर्सीवाले. तेच.
गुऱ्हाळाची काहील ओढत,
कडेला अजून गुळाचा थर चिकटलेला.
पुढं उमाजी सरनाईक, पेनल्टी मारलेला.
"कुठल्या तालमीचा रं?"
आमच्यात हा प्रश्न ठोशाच्या आधी येतो.
मी सांगितलं.
"मग धर की कड. बघत काय बसलाईस?"

अक्काताई काहिलीत बसेनात.
"निळ्यांच्या भांड्यात मी नाही बसायची."
अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, एक मॅच चुकवलेली नाही.
उमाजीनं भर पाण्यात जर्सी काढली,
उघड्या अंगानं हात जोडले,
तेव्हा उतरल्या.
दिलावरच्या लेकीला हसू आवरेना,
हसता हसता कळा सुरू झाल्या.

तीन रात्री. एकसष्ट पावत्या. एकसष्ट घरं.
प्रत्येकीवर पेन्सिलीनं टिक मारली
आणि मला वाटलं, झालं.

चौथ्या दिवशी पाणी जोत्याखाली उतरलं.
सोनाराच्या माडीवरनं कुणीतरी लुंगी हलवत होतं.
निमाई.
बंगालकडचा कारागीर, नथीतले मोती ओवणारा,
नऊ वर्षं आमच्याच गल्लीत.
सोबत दोन पोरसवदा मुलं,
ओठ सालपटलेले,
मुरमुऱ्यांची पिशवी आतनं पुसून घेतलेली.
वर्गणी त्याला कुणी मागितलीच नव्हती.
भाडेकरू. आज हाय, उद्या नाही.

"अरे, दोनदा खालनं गेलो आम्ही,
हाक का नाही मारलीस?"
तो म्हणाला,
"तुम्ही नावं घेत होता ना.
माझं येईल म्हणून थांबलो."

चिखल काढायला महिना गेला.
हौद्यात नवी माती आली, दोन ट्रॉल्या
निळ्यांनी पाठवल्या; त्यावरनं टोमणेही आलेच.
(पेनल्टी नव्हतीच ती. मी अजून म्हणतो.)
मीटिंगमध्ये मी विषय काढला
तर एकजण म्हणाला, "उद्या अख्खा बंगाल
घालशील काय पुस्तकात?"
कुणी हसलं. कुणी नाही.
ठराव झाला नाही.

मी आपला एकटाच माडीवर गेलो, कोरं पुस्तक घेऊन.
निमाईनं विचारलं, किती?
मला आकडा सांगवेना.
नाव कसं लिहायचं, मी म्हटलं,
तर त्यानं माझ्या हातातनं पेन घेतलं,
त्याच्या लिपीत, नक्षी काढावी तसं
सावकाश लिहिलं.

मला ते वाचता येत नाही.
अंधारात तर नाहीच.
पण येताना जिना मोजून आलोय.
सतरा पायऱ्या. नववी हलते.