बोर्डाला न येणारे प्रश्न

भवानी पेठेतली रात्रशाळा, सव्वाआठ.
धडा: प्रकाशाचे अपवर्तन.
हजेरी अकरा. त्यातले दोघं बाकावर मान टाकून झोपलेले;
त्यांना मी उठवत नाही,
एकाची पहाटे चारला पावाची भट्टी असते.

यासीन तांबोळी रामोशी गेटजवळ वेल्डिंग करतो.
डोळे कायम चुरचुरलेले, प्रश्न कायम तयार.
"मॅडम, काचेत शिरला की प्रकाश मंदावतो, बरोबर?
पलीकडून निघाला की परत फुल स्पीड.
मग ॲक्सिलरेटर कोण दाबतं?"

कोणी नाही, म्हणाले.
आपण किक मारतो, पहिला टाकतो, दुसरा टाकतो,
कारण आपल्याला वजन आहे.
फोटॉनला नाही. तो पळतच जन्मतो
आणि थांबला की उरत नाही.

"म्हणजे डिलिव्हरीवाला," मागून पाचारणे.
तो स्वतः तेच करतो. वर्ग हसला, झोपलेला एक जागा झाला.

स्वारगेट ते कात्रज त्याला किती वेळ?
फळ्यावर मांडलं: सहा किलोमीटर धरू.
सेकंदाचे पन्नास हजार तुकडे करा, त्यातला एक.
"आणि सिग्नल?"
लागत नाही.
"मी गाडी साठला पळवली, हेडलाइट लावून,
तर ते साठ त्यात मिळवायचे ना?"
नाही मिळवायचे.
"का?"

इथे मी खडू खाली ठेवते.
का, ते मला सांगता येत नाही, पाचारणे.
लोकांनी मोजून पाहिलंय, पुन्हा पुन्हा,
तुझे साठ कुणाला कुठेच सापडले नाहीत.

मग कुणीतरी मोबाइलवर पाहिलेलं काढलं:
त्याला म्हणे वेळच लागत नाही,
सूर्यावरून निघणं आणि पोचणं एकच.
आपल्या घड्याळात आठ मिनिटं वीस सेकंद, मी म्हणाले,
आणि त्याच्या मनगटावर घड्याळ बांधताच येत नाही.
पुस्तकं सांगतात, हा प्रश्नच चुकीचा.
पण दिवसभर ज्यांना कुणी ना कुणी
तू चुकलास म्हणून ऐकवत असतं,
त्यांना दिवेलागणीनंतर मी ते ऐकवत नाही.
म्हटलं, या प्रश्नाला बसायला जागा नाही.
राहू दे उभा.

वृषाली ढमढेरे सहसा बोलत नाही.
आज तिने दप्तराच्या मागून मोठं पाकीट काढलं,
ससूनचा शिक्का असलेलं.
"एक्स-रे पण फोटॉनच ना, मॅडम?"
हो.
तिने फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. आईची छाती.
"काळं आहे तिथून आरपार गेले.
मग हे पांढरं?"
तिथून आले नाहीत.
"कुठे गेले?"

आत थांबले, म्हणाले,
आणि अर्ध्या तासापूर्वीचं माझंच वाक्य
घशाशी आलं.
हाडसुद्धा पांढरंच दिसतं गं, मी घाईने म्हटलं,
बरगडी असेल.
"बरगड्या मोजल्यात मी," ती म्हणाली.
फिल्म तशीच धरून, हात न हलवता.

पावणेदहाला घंटा. यासीनने बटण बंद केलं
आणि अंधारातून विचारलं,
"आत्ता खोलीत होते, ते?"
भिंतींनी घेतले. भिंत तेवढी तापते.
त्याने तळवा टेकवला. मग वृषालीनेही.
"गार आहे, मॅडम."

तापली असेल, मी म्हणाले,
हाताला कळण्याएवढी नाही.

खाली वॉचमन कुलूप घेऊन खोकत होता.
पाचारणेने हेल्मेट घातलं, त्याची एक ऑर्डर पडली होती.
वृषालीने पाकीट दप्तरात परत घातलं नाही.
दुमडेल म्हणाली,
आणि छातीशी उभं धरून जिना उतरली.