किरकोळ

उपासना संपली तरी कुणी बाकावरून उठलं नाही,
आज वार्षिक सभा.
पंख्यानं ताळेबंदाची पानं उडायला लागली
म्हणून त्यांवर दानाची थाळी ठेवली,
रिकामी, पितळी,
काठावर मिशनच्या काळातलं कुणाचं तरी पुसट नाव.

एकोणतीस वर्षं मी पतसंस्थेत कॅशियर होते,
नोटा मोजल्या, चेहरे नाही.
इथं पाकिटावरचं अक्षर ओळखू येतं:
हे रत्नाकाकूंचं, पेन्शनचा दशांश, वरचे सात रुपयेसुद्धा सुट्टे;
हे बिननावाचं, दर महिन्याला,
नोटांना गुळाचा चिकट वास.

जमेत सुगीचा लिलाव वाचला.
दुधी भोपळा अकराशेला गेला.
एलिशा घोलपांची कोंबडी ज्यानं घेतली
त्यानं ती परत दान केली,
पुन्हा बोली, पुन्हा दान,
एकच कोंबडी कीर्दीत तीनदा जमा,
शेवटी कुणी नेली ते लिहायचं राहिलं.
मंडळी हसली.
शमुवेल सनदी हसले नाहीत.

उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर काढलेला माणूस,
केसाएवढा फरक बोटाला कळतो.
बोट पानावर आडवं फिरलं आणि थांबलं.
"किरकोळ, चार हजार तीनशे पन्नास.
हे किरकोळ कुणाचं आडनाव हाय, बाई?"

मागून कुणीतरी म्हणालं, देवाच्या घरात संशय नको.
एका पंचानं घड्याळ बघितलं.
पाळकसाहेब हळूच म्हणाले,
"उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, सनदीभाऊ."
"हातांचं ऱ्हाऊ दे, साहेब.
कीर्दीत डावीकडं जमा, उजवीकडं खर्च.
त्या दोन पानांनी एकमेकांचं तोंड बघायचं न्हाई म्हटलं
तर वही मिटायची कशी?"

मला राग आला. खरं सांगते, आला.
पुराच्या त्या आठवड्यात हॉलमध्ये
सुतारवाड्यातली एकवीस घरं झोपलेली,
तिथं मी पावत्या मागत फिरायचं होतं?

तरी पिशवीतून निळी डायरी काढली.
दूध, सव्वीस लिटर, म्हशीवाल्याकडं बिल नसतं.
मेणबत्त्या.
बायकांना लागतं ते, चार पुडे
(इथं आवाज उतरला, मग मुद्दाम वर आणला).
एका पोरीच्या फोनचं रिचार्ज, आई चिखलीत अडकलेली.
इन्सुलिन, बर्फासकट.
विडीचं बंडल, एक. म्हातारा रडत होता.

विडीवर कुजबुज झाली.
बेरीज आली चार हजार एकशे नव्वद.
दोनदा केली. तेवढीच.
एकशे साठ रुपये मला सापडेनात.

काउंटरवर फरक आला की आम्ही खिशातून भरायचो.
सवयीनं पर्स उघडली.
सनदी म्हणाले, "भरू नका. लिवा."
"काय लिहू?"
"सापडत न्हाई, असं लिवा."

लिहिलं. सूचक, अनुमोदक, सही.
बाहेर चहा आणि भडंग,
दोघी-तिघी माझ्याशी बोलल्या नाहीत,
एकीनं विडीवाल्या म्हाताऱ्याचं नाव विचारलं.
ते मी सांगितलं नाही.

सगळे गेल्यावर सनदी आले,
पाकीट पुढं केलं, वर रक्कम आणि तारीख,
पावती मागितली.
मी कार्बन सरकवून लिहू लागले.
ते वाकून बघत होते.
"जरा दाबून लिवा, बाई,
खालच्या परतीवर उमटंना."