सातवा महिना

खोलीत शिरण्याआधी अंगठी काढायची,
केस टोपीत, तोंडावर फडकं.
बोटाला चिकटलेली घरची धूळ
इथे साऱ्या नमुन्यांना भारी पडते.

आज देसिस्लावाची नळी.
आम्लात विरघळवलेलं, राळेतून थेंबथेंब गाळलेलं
तिचं रक्त आता रक्त उरलेलं नाही.
रेनियमच्या तारेवर वाळलेला ठिपका,
माशी बसून उठावी एवढा.

तार तापते.
बाराशे अंशांवर ठिपका शिसं सोडू लागतो
आणि चुंबक त्याला वळणावर गाठतो:
हलकं असेल ते लवकर झुकतं,
जड जरा ताठ्यात जातं.
दोनशे चार, सहा, सात, आठ.
सख्खी भावंडं, फरक फक्त वजनाचा,
ज्याचा त्याचा पेला वेगळा.

इथलं शिसं म्हातारं, ब्रोकन हिलच्या खाणीतलं,
युरेनियमशी फार पूर्वी फारकत झालेलं,
म्हणून त्यात दोनशे सहा कमी.
पेट्रोलच्या धुरातून ते सिडनीभर मुरलंय,
माझ्यातही.
देसिस्लावा आली तेव्हा तिचा आकडा अठराच्या वर होता.
तीन वर्षं तिनं इथलं पाणी प्यायलं,
मॅरिकव्हिलच्या बेकरीत पहाटे चारला पीठ मळलं,
आकडा उतरत गेला.
बाही वर सारताना विचारायची,
"झाले का मी इथली?"
मी म्हणायचे, अजून पॉइंट दोन.

आज तो वर चढलाय.

तार बदलली. प्रमाण नमुना चालवून पाहिला, बरोबर.
कोरा नमुना कोराच.
डग्लस म्हणाला, नळ्यांची अदलाबदल झाली असेल.
झाली नव्हती.
रात्री साडेनऊला, पंपाच्या घरघरीत,
मी तिचा फॉर्म पुन्हा वाचला:
जन्म कर्जाली, बल्गेरिया. वडील शिशाच्या भट्टीवर.
गर्भार, आठवडे एकोणतीस.

बाळाला हाडं हवीत.
आईची हाडं चुना मोकळा करताहेत
आणि चुन्याचं सोंग घेऊन वीस वर्षं आत बसलेलं काहीतरी
सोबत निघालंय:
वडिलांच्या कोटाची बाही,
खिडकीत वाळत घातलेल्या मिरच्यांवरची राखाडी साय,
ती धुता खाल्लेली एखादी.

गुरुवारी ती येईल. बाही वर सारेल.
दशांशानंतरच्या तीन आकड्यांबद्दल
माझी खात्री आहे.
तिच्या प्रश्नाचं काय करायचं ते
या यंत्राच्या कुठल्याच पेल्यात पडत नाही.

दूध वाढव, म्हणेन.
रोज दोन पेले.