काळे

कोपरखैरण्यात, सेक्टर पंधराच्या दुकानात
थंड कपाटात एकच जुडी उरलेली.
वर इंग्रजीत माझं माहेरचं आडनाव.
मी मोठ्यानेच वाचलं, काळे.
पोरगा हसला. केल, मॅडम, केल.

एकशेवीस रुपये. मेथीच्या सहा जुड्या आल्या असत्या.
तरी घेतली.

देठ ओरबाडून बाजूला ठेवले.
पान कुरळं, जाड,
एक कच्चंच चावून बघितलं तर पुठ्ठा.
श्रीरंग म्हणाला, शिजव की.
नाही, हे चोळायचं असतं.

परातीत मीठ, अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर तेल,
बांगड्या कोपराकडे सारून
कणीक तिंबावी तसं, पण घाई न करता.
खाली कुणाचं तरी रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून चाललेलं,
ते संपलं तरी माझं चालूच.
परातभर होतं ते ओंजळीत मावलं.
रंग मात्र गडदच झाला.

तेवीस वर्षांपूर्वी ताटातल्या तांदळात
अंगठीनं गिरवलेलं नवं नाव
कुणीतरी त्याच रात्री भातात शिजवलं असेल.
मीही जेवले असेन.

दाण्याचं कूट, मिरची, डाळिंबाचे दाणे,
गुळाचा खडा बोटानं चुरून.
फोडणीला हात शिवशिवत होता, आवरला.

श्रीरंगनं तिसऱ्यांदा वाढून घेतलं.
नाव काय म्हणालीस याचं?
काळे, म्हटलं.

देठ फ्रीजमध्ये आहेत.
ते चोळूनही मऊ होत नाहीत.
उद्या बघू.