बोटांची चढण

खांदा गोठलाय, म्हणाल्या फाल्गुनीबेन.
बडोद्यात, मे महिन्यात!
मी हसले, तर हसण्यानंही कळ आली.

बोटं भिंतीवरून वर चालवा, म्हणाल्या,
मुंगी चालते तशी, दिवसातून तीनदा.
मुलानं त्याच रात्री जिमचे पैसे भरले,
वर्षाचे, परत न मिळणारे.
तिथे कप्पी होती, दोरी होती,
आणि आरसे इतके, की ज्या हाताला
वेणीचा पहिला पेडही जमत नव्हता
तो चौदा जागी लोंबत राहिला.

म्हणून कमाटीबाग.
पुलाच्या अलीकडे एक कडुनिंब आहे.
खरं तर वडच हवा होता, या गावात मान त्याचा,
पण वडाखाली हसण्याच्या क्लबवाले.

पहिल्या दिवशी बोटं निघाली
कंबरेपासून, आणि छातीशी थांबली.
सालीच्या भेगांत धूळ, कुठल्याशा किड्याची कात,
आणि खऱ्या मुंग्या, आपापल्या कामाला निघालेल्या.
माझ्या नखांना वळसा घालून त्या गेल्या.
एकीनं मात्र अंगठी तपासली.

तीन बोटं वर साल सोललेली.
त्याच्यावर गाठ. गाठीवर डिंकाचा थेंब.
त्याच्याही वर, डोक्याच्या पार वर,
कुणीतरी कधीतरी ठोकलेल्या पाटीचा खिळा.
पाटी गेली, खिळा राहिला.
मी ठरवलं: खिळा.

शिर्केकाका रोज आडव्या फांदीला लोंबकळतात,
पंचाहत्तरीचे, मलखांबावर वाढलेले.
पाय जमिनीवरून सुटले की गप्प,
टेकले की विचारतात, “काय ताई, आज कुठवर?”
“डिंकापर्यंत.”
“बस, शांतीथी. उतावळ नको.”
मग दगडी पायऱ्या चढतात, उतरतात,
आणि विश्वामित्रीच्या कठड्यावरून वाकून
मगर दिसते का बघतात.
हाही व्यायामच, म्हणतात, मानेचा.

श्रावणात साल फुगली, निसरडी झाली.
बोटं दोन पेरं खाली आली.
घरी येऊन मी ह्यांच्याशी भांडले, आमटीवरून.
हे काही बोलले नाहीत.
मागे उभे राहून वेणी घातली,
सैल, रोजच्यासारखी.

दिवाळीनंतरच्या एका मंगळवारी
मधल्या बोटाला लोखंड लागलं. गार.
शिर्केकाका नेमके मुलीकडे, नवसारीला.
मुंग्या होत्या.

मान वर करून नीट पाहिलं, तर खिळ्याभोवती
निंबानं ओठ काढले होते,
अर्धा गिळून झाला होता.
किती वर्षं लागली असतील,
घाईची खूण कुठेच नव्हती.

घरी आले. ह्यांनी खुर्ची ओढून ठेवली होती,
फणी हातात, तेलाची वाटी कोमट.
मी बसले.
उद्या सांगेन.