परिशिष्ट क

सभा दहाला सुरू झाली. कोरम होता.
मी नेहमीच्या खुर्चीत, अध्यक्षांच्या डाव्या हाताला,
जिथून खिडकीतलं पार्किंग दिसतं
आणि नदी दिसत नाही.

एकोणीस वर्षं मी या प्रादेशिक परिषदेचं इतिवृत्त लिहिते.
कोण ओरडलं ते लिहायचं नसतं,
'सदस्यांनी तीव्र मत मांडले' एवढं पुरतं.
कोण रडलं तेही नाही.
त्यासाठी आमच्याकडे क्रियापदच नाही.

विषय तीन : पूरबंधाऱ्यावरचे विलो.
मुळांनी बांध धरून ठेवलाय की पोखरलाय
यावर चाळीस मिनिटं.
अभियंता म्हणाला, दोन्ही.
अहवाल मागवण्यात आला.

विषय चार : उत्तरेच्या टेकडीवर पॉसमसाठी विषारी गोळ्या.
अध्यक्ष ॲफ्लेक म्हणाले, कुत्री बांधून ठेवा असं पत्रक काढू.
कुत्री वाचत नाहीत, मागून कुणीतरी.
हशा.
हशाही लिहीत नाहीत.

विषय पाच. माताइवाई नदी.
ओर्ला केनवर्दीनं पडद्यावर नायट्रेटची रेष दाखवली,
पायऱ्या चढून दमलेल्या माणसासारखी
मधे मधे थांबणारी, पण खाली न उतरणारी.
दूधवाल्यांच्या प्रतिनिधीनं विचारलं,
पावसाळी वर्षं वगळून मोजलं तर?
मोजून पाहू, असं ठरलं.

मग नागरिकांसाठी तीन मिनिटं.
घंटी माझ्याच हाताशी असते.
रिपेका तेपानिया उभी राहिली. आधी तिनं सांगितला
तिचा डोंगर, मग तिची नदी, मग पणजोबांची होडी,
मग आजोळची माणसं एकेक करून.
दोन मिनिटं त्यातच गेली, आणि कुणाची टाप नव्हती
की म्हणेल, बाई, मुद्द्यावर या.
मग पिशवीतून काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली.
जॅमची, झाकणावर अजून प्लमचं चित्र. आत गढूळ पाणी.
उरलेलं मिनिटभर ती काहीच बोलली नाही.

वेळ संपली. मी घंटी वाजवायची होती.
पण गप्प बसलेल्या माणसाला
थांबा म्हणून कसं सांगायचं?

'श्रीमती तेपानिया यांनी पाणी सादर केले.'
असं लिहिलं. खोडलं नाही.
परिशिष्ट अ विलोंचं होतं, ब खर्चाचं.
अध्यक्ष म्हणाले, मग हे क.

विषय सहा : नऊ नंबरची बस.
सरासरी प्रवासी, तीन पूर्णांक दोन.
(दशांशातले ते दोन बहुधा मी.)
सूचक, अनुमोदक, संमत. पहिल्या तारखेपासून बंद.

सभा संपली. कप विसळले गेले. बरणी तशीच राहिली.
दप्तरखान्यात कागद ठेवायचे खण आहेत,
पाणी ठेवायचा नाही.
म्हणून ती पर्समध्ये, उभी, स्वेटरात गुंडाळून.

बसमध्ये फेलेती म्हणाला, आज उशीर?
मी म्हटलं, बस चालू ना अजून.
ठराव प्रसिद्ध होईपर्यंत मला बोलता येत नाही.
त्यानं त्याच्या मुलीचा रग्बीतला फुटलेला दात सांगितला,
पुढच्या महिन्यातल्या सामन्याला सुट्टी मागणार होता.
बरं, म्हटलं.

मांडीवर बरणी. तासाभरात गाळ तळाशी बसलेला,
वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ,
आणि त्यात एक दोरा हलला.
काचेसारखा, आरपार, शेवयाएवढा.
दोन काळे ठिपके डोळ्यांचे.
समुद्रातून वर चढून आलेलं ईलचं पोर.

रिपेकाला ठाऊक असेल?
की तीही मान खाली घालून
फक्त पाणी भरत होती?

पुलाच्या थांब्यावर उतरले, माझ्या थांब्याच्या दोन आधी.
चिखलात बूट गेले. विलोला धरून खाली वाकले.
मुळांनी मला तरी धरून ठेवलं, अहवालात हे येणार नाही.
बरणी तिरकी केली.
त्याच पाण्यात सोडलं त्याला, त्याच चढत्या रेषेत.
दुसरं पाणी माझ्या अखत्यारीत नव्हतं.

पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम झालं.
परिशिष्ट क समोर मी लिहिलं होतं,
'मूळ ठिकाणी परत.'
कुणी काही विचारलं नाही.
रिकामी बरणी खिडकीत आहे. पार्किंगच्या बाजूला.